आजी-आजोबांच्या ५२९ खात्यातून नातीची कॉलेज फी: कधी, किती, कुणाच्या नावावर?

जर्सीकर

नमस्कार मंडळी. लेक या ऑगस्टपासून न्यू जर्सीतल्याच राज्य विद्यापीठात जाते आहे, डॉर्ममध्ये राहणार. तिच्यासाठी दोन ५२९ खाती (शिक्षणाच्या खर्चासाठीची करसवलतीची बचत खाती) आहेत. एक आमचं, न्यू जर्सीच्या प्लॅनमधलं, त्यात ६०,००० डॉलर. दुसरं सासू-सासऱ्यांनी इलिनॉयच्या प्लॅनमध्ये काढलेलं. ते तिथेच राहतात, दोघंही अमेरिकन नागरिक आहेत. भरलेले ४०,०००, आजची किंमत ६४,०००. खातं सासऱ्यांच्या मालकीचं, लाभार्थी लेक.

आजी-आजोबांच्या खात्यातले पैसे वापरले की पुढच्या वर्षीची फायनान्शियल एड कापली जाते, म्हणून ते शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा, असं ओळखीतले सगळे सांगतात. हे अजून खरं आहे का? नसेल तर आधी कुठलं खातं वापरावं? पैसे मागवायचे कुणाच्या नावावर? शिवाय पुण्याहून माझे आई-बाबाही नातीसाठी काही रक्कम देऊ म्हणतात, ती ५२९ मध्ये घालता येते का? पहिलं बिल जुलैत येईल.

हिशेबवही

एड कापली जाण्याची भीती मनातून काढून टाका. तो नियम गेला.

२०२३-२४ पर्यंतच्या फाफ्सात (फायनान्शियल एडसाठीचा सरकारी अर्ज), विद्यार्थ्यासाठी इतरांनी दिलेल्या पैशांबद्दल प्रश्न असायचा. आजोबांच्या ५२९ मधून आलेली रक्कम तिथे विद्यार्थ्याचं उत्पन्न म्हणून लिहावी लागे आणि त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम एडच्या हिशेबात वजा व्हायची. १०,००० काढले तर ५,००० पर्यंत फटका. फाफ्सा दोन वर्षं मागचं उत्पन्न बघतो, त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला जानेवारी उजाडल्यावर काढलेले पैसे चार वर्षांच्या कुठल्याच अर्जात येत नसत. ‘शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा’ हा सल्ला तेव्हाचा, आणि तेव्हा तो बरोबरच होता. २०२४-२५ च्या फाफ्सापासून तो प्रश्नच काढून टाकलाय. उत्पन्नाचे आकडे आता थेट आयआरएसकडून (अमेरिकेचं कर खातं) येतात आणि योग्य खर्चासाठी काढलेली ५२९ ची रक्कम त्यात उत्पन्न म्हणून दिसत नाही.

आजोबांच्या मालकीचं खातं फाफ्साच्या मालमत्तेतही लिहायचं नसतं. तुमचं मात्र लिहायचं. ते पालकांची मालमत्ता म्हणून धरतात, जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी. ६०,००० वर एसएआय (एड ठरवायला फाफ्सातून काढलेला आकडा, तो जितका जास्त तितकी एड कमी) ३,३८४ नी वाढतो, आणि शिल्लक राहील तोवर दर वर्षी त्या त्या शिलकीवर. म्हणून आता क्रम उलटा झालाय: आधी तुमचं खातं वापरा, आजोबांचं मागे ठेवा. धाकटं भावंड असेल तर त्याच्या नावाचं ५२९ थोरलीच्या फाफ्सात दाखवायचं नाही, हाही त्याच वेळचा बदल. जुन्या सवयीने लोक अजून तिन्ही-चारही खात्यांची बेरीज लिहून टाकतात.

एक अपवाद लक्षात असू द्या. बरीच महागडी खासगी कॉलेजं फाफ्साबरोबर सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्जही मागतात. त्यात विद्यार्थ्यासाठी दुसऱ्या कुणी काढलेल्या ५२९ बद्दल विचारतात आणि कॉलेज आपल्या मर्जीने ती रक्कम धरू शकतं. राज्य विद्यापीठात सहसा याचा संबंध येत नाही. लेक पुढे बदली घेऊन खासगी कॉलेजात गेली तर येईल.

आता माझं स्पष्ट मत. घरात दोन चांगले पगार असतील तर एसएआय मुळातच इतका वर असतो की ३,३८४ इकडचे तिकडे झाल्याने राज्य विद्यापीठात हाती काहीच जास्त पडत नाही. अशा घरांचे पैसे जातात ते कराच्या फॉर्ममध्ये. सगळं लक्ष तिकडे द्या.

फी_आणि_फॉर्म

हिशेबवहींशी पूर्ण सहमत. आता पैसे काढण्याबद्दल, कारण बहुतेकांची गडबड इथेच होते.

पहिला नियम: खर्च आणि पैसे काढणं एकाच कॅलेंडर वर्षात. शैक्षणिक वर्षात नव्हे. स्प्रिंग सेमिस्टरचं बिल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतं आणि भरायची मुदत जानेवारीत असते. डिसेंबरात ५२९ मधून पैसे मागवले आणि बिल ५ जानेवारीला भरलं, तर एका वर्षात नुसतीच उचल दिसते आणि दुसऱ्या वर्षात नुसताच खर्च. दोन्ही डिसेंबरात करा किंवा दोन्ही जानेवारीत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर तर विसंबूच नका. बँकेत थेट जमा व्हायला तीन ते पाच कामाचे दिवस जातात, कॉलेजच्या नावाचा चेक टपालाने जायला त्याहून बरेच जास्त.

दुसरं, बिलातली प्रत्येक ओळ वाचा. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतलेत.

फॉल सेमिस्टरचं बिल: ट्यूशन आणि सक्तीची फी ८,५००, डॉर्म आणि मील प्लॅन ७,२००, स्टुडंट हेल्थ इन्शुरन्स २,०००, पार्किंग २००. बिलाबाहेर लॅपटॉप १,३०० आणि पुस्तकं ५००. यातला इन्शुरन्स आणि पार्किंग ५२९ च्या खर्चात बसत नाही. घरी जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि ॲडमिशनच्या अर्जाची फीही बसत नाही. बाकी सगळं बसतं, बेरीज १७,५००. डॉर्म-जेवणासाठी विद्यार्थी किमान हाफ-टाइम हवा. कॅम्पसबाहेर भाड्याने राहिल्यास कॉलेजने कॉस्ट ऑफ अटेंडन्समध्ये (वर्षाच्या खर्चाचा कॉलेजचा अंदाज) राहण्या-जेवणाचा जो आकडा दिलेला असतो तेवढ्यापर्यंतच. तुमच्या ऑफिसच्या पॉलिसीत लेक असेल तर हेल्थ इन्शुरन्सचा वेव्हर फॉर्म मुदतीत भरा, म्हणजे ते २,००० बिलातूनच जातील. नाही भरला तर कॉलेज आपोआप आकारतं आणि मुदत टळली की सहसा परत देत नाही.

आता १७,५०० मधून करमुक्त स्कॉलरशिप वजा करा, समजा १,५००. उरले १६,०००. यातून आणखी ४,००० बाजूला काढा, अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिटसाठी. पहिल्या २,००० वर पूर्ण आणि पुढच्या २,००० वर २५ टक्के मिळून वर्षाला २,५०० डॉलर कर कमी होतो. अट अशी की ज्या डॉलरवर क्रेडिट घेतलं त्याच डॉलरसाठी ५२९ चे पैसे दाखवायचे नाहीत. शिवाय हे ४,००० ट्यूशन, फी आणि पुस्तकांचेच हवेत, डॉर्मचे चालत नाहीत. म्हणजे ४,००० ट्यूशन साध्या चेकिंग खात्यातून भरा आणि त्या वर्षी सगळ्या ५२९ खात्यांतून मिळून १२,००० च काढा. ‘सगळ्या’ शब्दावर जोर आहे. आजोबांनी कौतुकाने परस्पर १२,००० पाठवले आणि तुम्हीही १२,००० काढले, असं दर वर्षी कुठल्या ना कुठल्या घरात होतं.

जास्त निघाले तर काय? समजा फक्त आजोबांच्या खात्यातून काढले आणि १२,००० ऐवजी १६,००० काढले. त्यांच्या खात्यात वाढीचा वाटा ६४ मधले २४, म्हणजे ३७.५ टक्के. जास्तीच्या ४,००० मधले १,५०० करपात्र. जादा रक्कम क्रेडिटमुळे झाली असेल तर त्या १,५०० वर कर लागतो, १० टक्के दंड लागत नाही. स्कॉलरशिपइतकी रक्कम काढली तरी तसंच. मात्र ही सूट फॉर्म ५३२९ वर दाखवावी लागते. इन्शुरन्स-पार्किंगचे २,२०० काढले असतील तर वाढीचे ८२५ करपात्र आणि वर ८२.५० दंड.

पैसे कुणाच्या नावावर: आजोबांच्या नावावर मागवू नका. त्यांनी स्वतःच्या बँकेत घेऊन पुढे दिले तर १०९९-क्यू (५२९ मधून काढलेल्या रकमेचा कर फॉर्म) त्यांच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर निघतो. कॉलेजचा १०९८-टी (फीचा कर फॉर्म) मुलीच्या नावावर असतो, दोन्हींचा मेळ बसत नाही आणि आयआरएसची विचारणा आजोबांच्या टपालपेटीत येते. जादा निघालेल्यावर करही त्यांच्या दराने. थेट कॉलेजला पाठवलं तर १०९९-क्यू मुलीच्या नावावर येतो, ते ठीक. पण चेक उशिरा पोचून लेट फी लागते, आणि काही कॉलेजं बाहेरून आलेला चेक चुकून स्कॉलरशिप म्हणून नोंदवून स्वतःची ग्रँट कमी करतात. माझी पसंती मुलीच्या चेकिंग खात्याला. तिथे आले की त्याच आठवड्यात तिने बिल भरायचं. कॉलेजलाच पाठवायचं असेल तर चेक बर्सर ऑफिसच्या (कॉलेजचं फी स्वीकारणारं ऑफिस) पत्त्यावर जाऊ द्या, त्यावर स्टुडंट आयडी नंबर हवा आणि बर्सरला आधी ईमेल करून ठेवा.

लेकीने एखादा कोर्स सोडला आणि कॉलेजने फी परत केली तर ती ६० दिवसांत तिच्याच ५२९ खात्यात पुन्हा भरता येते, मग ती उचल बाधत नाही. पावत्या, लॅपटॉपचं बिल, मील प्लॅनचा हिशेब एका फोल्डरमध्ये ठेवा. विवरणपत्राला हे काही जोडायचं नसतं, पण विचारणा आली तर हाच आधार.

शिकागोचा_शेजारी

इलिनॉयच्या बाजूने थोडं. सासरेबुवांना कुणी ‘खातं न्यू जर्सीला हलवा, एकाच ठिकाणी सोयीचं’ असं सांगितलं तर ऐकू देऊ नका. इलिनॉय आपल्या प्लॅनमध्ये भरलेल्या रकमेवर राज्याच्या उत्पन्नात वजावट देतं, एकट्याला वर्षाला १०,००० आणि जोडप्याला २०,००० पर्यंत. खातं परराज्यात हलवलं की ती घेतलेली वजावट राज्य परत वसूल करतं.

उलट, कॉलेज सुरू झाल्यावरही त्यांना हीच वजावट मिळवता येते. नातीला चेकने पैसे देण्याऐवजी तेच आधी प्लॅनमध्ये भरायचे, प्लॅनचा होल्ड (नवी भरलेली रक्कम काढू न देण्याचे दिवस) संपला की काढायचे. इलिनॉयचा दर ४.९५ टक्के, २०,००० वर ९९० डॉलर वाचतात. हे वाढीसाठी नाही, त्यामुळे ही रक्कम मनी मार्केटसारख्या पर्यायातच ठेवा. २०२६ मध्ये गिफ्ट टॅक्सच्या फॉर्मशिवाय देता येणारी रक्कम माणशी १९,००० आहे, दोघांची ३८,०००. त्याहून मोठी रक्कम द्यायची असेल तर ट्यूशन थेट कॉलेजला भरावी, त्याला मर्यादा नाही. मात्र ती सवलत फक्त ट्यूशनपुरती, डॉर्मला नाही. आणि प्लॅनमधून गेली नाही की इलिनॉयची वजावटही नाही.

‘आधी तुमचं, मग आजोबांचं’ या क्रमाशी मी पूर्ण सहमत नाही. कारण आजोबांचं वय. ५२९ ही मालकाची मालमत्ता असते. उद्या दोघांपैकी कुणाला नर्सिंग होमची गरज पडली आणि मेडिकेडसाठी (उत्पन्न-मालमत्ता कमी असलेल्यांची सरकारी आरोग्य योजना) अर्ज करायची वेळ आली, तर मालकीच्या ५२९ मधले पैसे बहुतेक राज्यांत त्यांच्याच मालमत्तेत मोजतात. लाभार्थी नात असली तरीही. एसएआय मुळातच जास्त असेल तर त्या ३,३८४ पायी हा धोका मागे ठेवण्यात अर्थ नाही. तब्येतीचं काही असेल तर आजोबांचं आधी वापरा.

सक्सेसर ओनर (मालकानंतर खातं ज्याच्याकडे जाईल तो) आजच नेमा. नाव नसेल तर मालक गेल्यावर काय होईल ते प्लॅनच्या नियमांवर ठरतं, काही ठिकाणी प्रोबेटमध्ये (वारसाहक्काच्या कोर्ट प्रक्रियेत) अडकतं, आणि बिल तर त्याच महिन्यात भरायचं असतं. त्यांच्या मुलाला एजंट म्हणून अधिकार देण्याचा प्लॅनचा स्वतःचा फॉर्म असतो, तोही भरून घ्या. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी डिसेंबर ते फेब्रुवारी भारतात जातात आणि स्प्रिंगचं बिल नेमकं तेव्हाच. लॉगिनचा ओटीपी त्यांच्या अमेरिकन फोनवर, सिम पुण्याला चालत नाही, आणि घाईत नवीन बँक खातं जोडलं तर त्या खात्यात पैसे पाठवायला प्लॅन काही दिवस थांबवतो. मुलीचं बँक खातं ऑक्टोबरातच जोडून ठेवा आणि ५० डॉलर काढून वाट मोकळी आहे ना ते बघा.

पुणे_ते_एडिसन

पुण्याच्या पैशांबद्दल. आई-बाबांना स्वतःच्या मालकीचं ५२९ काढणं जवळपास अशक्य: प्लॅन मालकाचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (करासाठीचा ओळख नंबर) आणि अमेरिकेतला पत्ता मागतात. सरळ मार्ग असा की त्यांनी तुम्हाला भेट द्यावी आणि तुम्ही ती तुमच्या ५२९ मध्ये भरावी. लेकीच्या बँक खात्यात नको. तिच्या नावावरची रोकड फाफ्सात २० टक्क्यांनी धरतात, तुमच्या ५२९ मध्ये तीच रक्कम ५.६४ ने.

भारतातून पाठवायची वाट एलआरएसची (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवण्याची योजना), माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत. बँकेत फॉर्म ए२ भरताना हेतू ‘भेट’ असाच लिहा. खरं आहे ते लिहिलं की पुढे स्पष्टीकरणं द्यावी लागत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पाठवतानाच बँकेने घेतलेला आगाऊ कर) नाही, त्यावरच्या भेटीवर २० टक्के. बाबांनी एकट्याने १४ लाख पाठवले तर ४ लाखांवर ८०,००० रुपये बँक कापून घेईल. ते बुडत नाहीत, त्यांच्या आयकर विवरणपत्रात वळते किंवा परत मिळतात, पण तोवर अडकतात. आई-बाबांनी आपापल्या खात्यातून, आपापल्या पॅनवर सात-सात लाख पाठवले तर काहीच कापलं जात नाही. मार्च आणि एप्रिल अशी दोन हप्त्यांत विभागणी केली तर दोन आर्थिक वर्षांची मर्यादा वापरता येते.

अमेरिकेच्या बाजूने या भेटीवर तुम्हाला कर नाही. मात्र परदेशी व्यक्तींकडून, आई आणि बाबा मिळून, कॅलेंडर वर्षात एकूण १,००,००० डॉलरच्या वर रक्कम आली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. नुसता माहितीचा फॉर्म आहे, कर काही नाही, पण विसरलात तर दंड दरमहा रकमेच्या ५ टक्क्यांनी, २५ टक्क्यांपर्यंत. दहा-वीस लाखांच्या भेटीत हा प्रश्न येत नाही. आधीच घर विकून मोठी रक्कम आली असेल त्या वर्षी मात्र बेरीज करा.

जर्सीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुठे मिळालं नव्हतं. दोन पुढचे प्रश्न. आमचं दोघांचं एकत्र उत्पन्न १,७०,००० च्या आसपास आहे, तर ते ४,००० बाजूला काढण्यात अर्थ आहे का? आणि सासू-सासरे दोन-तीन वर्षांत कायमचे पुण्याला जायचं म्हणताहेत. खात्याचं काय?

फी_आणि_फॉर्म

अर्थ आहे. एकत्र विवरणपत्रावर क्रेडिट १,६०,००० पर्यंत पूर्ण मिळतं आणि १,८०,००० ला संपतं. १,७०,००० वर निम्मं, १,२५०. त्यासाठी ४,००० या वर्षी ५२९ मधून काढायचे नाहीत, एवढंच. ते तिथेच राहून पुढच्या वर्षी उपयोगी पडतात. ४०१(के) मध्ये (नोकरीतलं निवृत्ती बचत खातं) जास्त भरून उत्पन्न खाली आणता आलं तर प्रत्येक १,००० मागे क्रेडिट १२५ नी वाढतं. क्रेडिट एकूण चार वर्षंच मिळतं आणि चार वर्षांचं कॉलेज पाच कॅलेंडर वर्षांत पसरतं, म्हणून ज्या वर्षी उत्पन्न सर्वात जास्त असेल ते वर्ष सोडा.

तुमचं उत्पन्न २,००,००० च्या आत आहे, तेव्हा न्यू जर्सीच्या प्लॅनमध्ये भरलेल्या वर्षाच्या १०,००० पर्यंत राज्याची वजावटही घ्या. डॉर्मचे पैसे पगारातून द्यायचे असतील तर प्लॅनमधून फिरवून द्या. तुमच्या उत्पन्नाला राज्याचे सुमारे ६०० डॉलर वाचतात.

पुणे_ते_एडिसन

जाण्याआधी खातं वापरून संपवणं सर्वात सोपं, चार वर्षांत ६४,००० सहज लागतील. दोन-तीन वर्षांत जाणार म्हणताहेत, तर माझ्या मते क्रम इथेच ठरला: आजोबांचं आधी.

शिल्लक ठेवून गेले तर हे होतं: भारतात परतल्यावर सुरुवातीची काही वर्षं ते ‘निवासी पण सामान्यतः निवासी नव्हे’ गटात असतात, तेव्हा परदेशी मालमत्ता जाहीर करावी लागत नाही. पूर्ण निवासी झाले की ५२९ खातं भारतीय विवरणपत्रातल्या शेड्यूल एफएमध्ये दर वर्षी दाखवायचं. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली वर्षाला १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण ६४,००० डॉलर त्याच्या कितीतरी वर जातात. अमेरिकेत करमुक्त असलेली वाढ भारतातही करमुक्त, असं धरून चालू नका. नागरिक असल्याने अमेरिकेचं विवरणपत्र त्यांना तिथूनही भरावं लागेलच.

दुसरा पर्याय, निघण्याआधी मालकी तुमच्या किंवा त्यांच्या मुलाच्या नावावर करून देणं. प्लॅन परवानगी देत असेल तर एका फॉर्मचं काम आहे, फक्त त्या दिवसापासून ते फाफ्सात पालकांची मालमत्ता ठरतं.

हिशेबवही

शेवटी थोडं उरलं तर: खातं १५ वर्षं जुनं असेल तर लेकीच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीसाठीचं वैयक्तिक बचत खातं) आयुष्यभरात ३५,००० पर्यंत वळवता येतं, वर्षाला आयआरएच्या मर्यादेइतकं, २०२६ ला ७,५००. तिची त्या वर्षी तेवढी कमाई हवी, आणि मागच्या पाच वर्षांत भरलेली रक्कम यात धरत नाहीत. म्हणून शिकागोच्या शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे आता नव्याने भराल ते त्याच वर्षी वापरून टाका आणि खातं उघडल्याच्या तारखेचं जुनं स्टेटमेंट सासरेबुवांकडून आत्ताच मागून ठेवा.